चूक वरच्यांची, किंमत खालच्यांची

पहिल्या महायुद्धात, २९ एप्रिल १९१६ रोजी, तैग्रिस नदीच्या वळणावर वसलेल्या कूत अल-अमारा या गावात ब्रिटिश हिंदी सैन्याची सहावी डिव्हिजन तुर्कांना शरण गेली. १४७ दिवस वेढ्यात काढल्यावर सुमारे १३ हजार माणसं एका दिवसात युद्धकैदी झाली. या डिव्हिजनचं नाव होतं 'पूना डिव्हिजन'. तिचं मुख्यालय पुण्यात होतं, आणि १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या तीन मराठा पलटणी तिच्यात होत्या. दख्खन आणि कोकणातल्या शेतकऱ्यांची मुलं त्यांत भरती झालेली होती. आजच्या इराकच्या वाळवंटात त्यांना कोणी आणि कशासाठी नेलं, हे त्यांच्यापैकी बहुतेकांना नीट सांगितलंही गेलं नसेल.

युद्धात हार होते. शत्रू वरचढ ठरतो, पाऊस अवेळी येतो, नशीब साथ देत नाही. कूतची हार मात्र त्या जातीची नव्हती. ती टाळता आली असती आणि ती येताना अनेकांना दिसत होती. दिसत असूनही ती अडवली गेली नाही, याचं कारण वरच्यांना आवडणार नाही अशी बातमी वर जायचा रस्ताच बंद झाला होता. सैन्यात किंवा पोलिसांत नेतृत्व नालायक निघालं की सगळ्यात आधी हा रस्ता बुजतो. पुढचा विनाश त्यातून आपोआप येतो.

मेसोपोटेमियाची, म्हणजे आजच्या इराकमधली, ही मोहीम सुरू झाली ती मर्यादित हेतूने. इराणमधल्या अबादानचा तेलशुद्धीकरण कारखाना आणि तिथवर येणारी तेलाची नळी सुरक्षित ठेवायची, एवढंच काम होतं. नोव्हेंबर १९१४ मध्ये फौज फाओला उतरली आणि त्याच महिन्यात बसरा ताब्यात आलं. एप्रिल १९१५ मध्ये शैबाची लढाई जिंकली, जूनमध्ये अमारा पडलं, सप्टेंबरच्या अखेरीस कूत. प्रत्येक विजय स्वस्तात मिळाला आणि प्रत्येक विजयाबरोबर सैन्य नदीतून आणखी वर सरकत गेलं. एप्रिलमध्ये मोहिमेची सूत्रं हाती घेतलेले जनरल सर जॉन निक्सन यांना आता बगदाद खुणावू लागलं.

इथे एक साधा हिशेब होता आणि तो कोणीही मांडू शकलं असतं. मेसोपोटेमियात तेव्हा बसऱ्यापासून वर जाणारी रेल्वे नव्हती, पक्की सडकही नव्हती. पीठ, दारूगोळा, औषधं, जखमी माणसं, सगळं काही तैग्रिसमधून आगबोटीनेच न्यायचं. शरद ऋतूत नदी उथळ होते आणि बोटी वाळूत रुततात. मोहीम जितकी वर जाईल तितका एका बोटीचा फेरा लांबतो, म्हणजे सैन्य तेवढंच राहिलं तरी बोटी जास्त लागतात. आणि इथे तर होत्या तेवढ्या बोटींतच भागवायचं होतं. खुद्द बसऱ्याला मोठ्या जहाजांसाठी धड धक्काही नव्हता. माल भरलेली जहाजं नदीत नांगर टाकून आठवडेच्या आठवडे उतरवणीची वाट पाहत पडून असत. निक्सन यांनी बोटी मागितल्या होत्या, रेल्वेही मागितली होती. हिंदुस्थान सरकारने रेल्वेचा खर्च नाकारला आणि बोटींचं घोंगडं भिजत पडलं. वाहतूक हाती येईपर्यंत पुढे पाऊल टाकणार नाही, असं सेनापतीने ठणकावून सांगायला हवं होतं. निक्सन यांनी ते सांगितलं नाही. आहे त्या साधनांत बगदाद घेता येईल, असाच विश्वास ते वर देत राहिले.

डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल चार्ल्स टाउनशेंड यांना धोका दिसत होता. कूतला थांबावं, बगदादवर जायचंच तर आपली एकटी डिव्हिजन पुरणार नाही, असं त्यांनी वरिष्ठांना कळवलं होतं. निक्सन यांनी ते मानलं नाही. तुर्कांची कुमक येत असल्याच्या बातम्याही त्यांच्या कचेरीत हलक्यात घेतल्या गेल्या. टाउनशेंड यांनी पुन्हा विरोध केला नाही. त्यांना बढतीची आस होती आणि बगदाद जिंकणारा सेनापती म्हणून मिरवण्याचा मोहही होता. तिकडे लंडनमध्ये मंत्रिमंडळ तुर्कांविरुद्धच्या गॅलिपोली मोहिमेच्या अपयशाने पोळलेलं होतं. त्यांना कुठून तरी विजय हवा होता. ऑक्टोबर १९१५ मध्ये त्यांनी परवानगी दिली. हिंदुस्थानचे सरसेनापती सर बीचम डफ शिमल्यात होते. ही सगळी मोहीम त्यांनी तिथूनच, तारा वाचून चालवली.

२२ नोव्हेंबरला बगदादच्या अलीकडे, टेसिफॉनच्या प्राचीन कमानीजवळ लढाई झाली. पलटणींनी तुर्कांची पहिली फळी घेतली, पण सुमारे ४,६०० माणसं मेली किंवा जखमी झाली. लढणाऱ्या फौजेचा तिसरा हिस्सा, कदाचित त्याहूनही जास्त, त्या वाळवंटात खर्ची पडला. राखीव फौज नव्हतीच. माघारीवाचून गत्यंतर उरलं नाही.

खराब नेतृत्वाची किंमत आकड्यांत मोजता येते, पण ती नीट कळायची तर या माघारीतल्या जखमींकडे पाहावं लागतं. रणांगणावरून जखमी हलवायला वेगळ्या रुग्णगाड्या नव्हत्या. होत्या त्या सामान वाहायच्या दोनचाकी गाड्या, खेचरं जोडलेल्या, स्प्रिंग नसलेल्या. मांडी मोडलेली, पोटात गोळी लागलेली माणसं या गाड्यांच्या लोखंडी पट्ट्यांवर टाकून मैलोन् मैल दगडगोट्यांतून नदीपर्यंत आणली. मधल्या दांड्यांचा मार चुकवायला अंगाखाली मेलेल्या सोबत्याचं शरीर घेऊन झोपलेले जखमीही होते. नदीवर 'मेजिदिये' नावाची आगबोट होती. तिच्यावर आणि बाजूच्या तराफ्यांवर सुमारे ६०० जण दाटीवाटीने भरले आणि तो प्रवास दोन आठवड्यांच्या आसपास चालला.

बसऱ्याला 'वरेला' हे रुग्णालय-जहाज उभं होतं. त्याचे प्रमुख इंडियन मेडिकल सर्व्हिसचे मेजर कार्टर यांनी ही बोट येताना पाहिली. लांबून त्यांना वाटलं, बोटीच्या कडेवरून दोर लोंबताहेत. बोट जवळ आल्यावर कळलं की ती वाळलेली विष्ठा होती. हगवण लागलेली, उठता न येणारी माणसं जिथे पडली होती तिथेच सगळं होत होतं आणि ते बोटीच्या कडेवरून ओघळून सुकलं होतं. अंथरूण नव्हतं, पांघरूण नव्हतं. कित्येकांच्या जखमांची पट्टी रणांगणानंतर बदललेलीच नव्हती आणि त्यांत किडे पडले होते.

त्याच सुमारास निक्सन यांच्या कचेरीतून वर तार गेली होती, ती जखमींची व्यवस्था उत्तम पार पडल्याची.

कार्टर गप्प बसले नाहीत. त्यांनी वरिष्ठांकडे लेखी तक्रार केली. उत्तर म्हणून त्यांना अटकेची आणि जहाजावरून काढून टाकण्याची धमकी मिळाली. नसत्या उठाठेवी करणारा छांदिष्ट माणूस, अशी त्यांची संभावना झाली. धमकी देणारी हीच माणसं पुढे चौकशी आयोगासमोर उभी राहिली आणि कार्टर यांनी सगळं सांगितलं, म्हणून आज आपल्याला हे ठाऊक आहे. ते एकटे बोलले, म्हणजे ते एकटेच पाहत होते असं नाही. त्या बोटीवरचे खलाशी, धक्क्यावरचे हमाल, कारकून, अधिकारी, सगळ्यांनीच ती पाहिली असणार. बाकीच्यांना बोलण्याची किंमत ठाऊक होती.

३ डिसेंबरला थकलेली डिव्हिजन कूतला परतली आणि चार दिवसांत वेढा पडला. इथे दुसरी मोठी चूक झाली. कोठारात किती धान्य आहे याचा नीट तपास न करता टाउनशेंड यांनी कळवलं, की गोऱ्या सैनिकांना महिनाभर आणि हिंदी सैनिकांना दोन महिने पुरेल एवढाच शिधा आहे. शिध्यात मोठी कपातही सुरुवातीला केली नाही. त्यांच्या तारांनी सुटकेला निघालेल्या फौजेची घाई उडाली. नव्याने बसऱ्याला उतरणारी पलटण जशी येईल तशी पुढे ढकलली गेली. काहींच्या तोफा मागे राहिल्या, काहींच्या रुग्णतुकड्या मागे राहिल्या. जानेवारी १९१६ मध्ये शेख साद, वादी आणि हन्ना इथे चिखलात आणि थंडीत या तुकड्या तुर्की खंदकांवर आपटल्या. आणि जानेवारीच्याच अखेरीस कूतमध्ये घरोघर झडती घेतली तेव्हा धान्याचे मोठे साठे सापडले. त्यात घोड्यांचं मांस धरलं तर गाव आणखी जवळपास तीन महिने तग धरू शकत होतं. कोठारातला हिशेब आधी झाला असता तर सुटकेच्या फौजेला तयारीला वेळ मिळाला असता. एप्रिलपर्यंत हल्ले होत राहिले. वेढ्यातल्या १३ हजारांना सोडवण्यासाठी बाहेर सुमारे २३ हजार माणसं मेली किंवा जखमी झाली, आणि कूत सुटलं नाहीच.

वेढ्याच्या आत एकाच वेळी दोन वेगळे आजार पसरले आणि डॉक्टरांच्या पुस्तकांत ते उदाहरण म्हणून गेले. गोऱ्या सैनिकांना पांढऱ्या मैद्याचा पाव मिळत होता. त्यात कोंडा नसल्याने ब-१ जीवनसत्त्व नव्हतं, आणि त्यांना बेरीबेरी झाला. हिंदी सैनिक आटा खात असल्याने त्या आजारापासून वाचले, पण ताजी भाजी आणि मांस नसल्याने त्यांना स्कर्व्हीने गाठलं. हिरड्या सुजल्या, जुन्या जखमा भरेनात. घोड्याचं मांस खायला बहुतेक हिंदी शिपायांनी धर्मापोटी नकार दिला होता. हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या संमतीच्या तारा मागवल्या, तरी गावी परतल्यावर वाळीत टाकतील ही भीती जाईना. एप्रिलमध्ये बरेच जण राजी झाले, तेव्हा फार उशीर झाला होता. हा प्रश्न पहिल्याच महिन्यात हवालदार-सुभेदारांना जवळ बसवून सोडवायचा होता. आपली माणसं काय खातात आणि का खात नाहीत, हे माहीत असणं सेनापतीच्या कामातच येतं.

शरणागतीनंतर अधिकारी आणि शिपाई वेगळे केले गेले. शिपायांना मे महिन्याच्या उन्हात सामर्रा, मोसुलमार्गे वाळवंटातून पायी हाकललं आणि पुढे रेल्वेच्या कामाला जुंपलं. कैदेत चार हजारांहून अधिक माणसं मेली. गोऱ्या शिपायांपैकी तर निम्म्याहून जास्त परतले नाहीत. या हालांची जबाबदारी तुर्की अधिकाऱ्यांची होती, यात शंका नाही. पण हे होत असताना टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या मार्मारा समुद्रातल्या बेटावर ऐसपैस घरात राहत होते. कैदेत असतानाच त्यांना 'सर' किताब मिळाला आणि १९२० मध्ये ते ब्रिटिश संसदेत निवडूनही आले.

बसऱ्याला या मोहिमेतल्या बेपत्ता मृतांचं स्मारक आहे, ४० हजारांहून अधिक जणांचं. ते उभारलं तेव्हा गोऱ्या शिपायांची नावं दगडात कोरली गेली. हिंदी सैनिकांपैकी फक्त अधिकाऱ्यांची नावं आली. बाकीच्यांचा पलटणीगणिक नुसता आकडा लिहिला. आपल्याकडे अनेक गावांत चावडीवर किंवा वेशीजवळ संगमरवरी फरशी दिसते, या गावातून इतके जण महायुद्धावर गेले आणि त्यातले इतके कामी आले असं सांगणारी. तिथेही आकडाच असतो. ज्यांना निर्णयात कणभरही वाटा नव्हता, त्यांनीच सगळी किंमत भरली आणि त्यांची नावंही राहिली नाहीत.

या मोहिमेची चौकशी मात्र झाली, आणि तीही युद्ध चालू असताना. १९१६ मध्ये संसदेने कायदा करून लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांच्या अध्यक्षतेखाली मेसोपोटेमिया आयोग नेमला आणि जून १९१७ मध्ये त्याचा अहवाल छापून जाहीर झाला. आयोगाने सर्वांत जास्त दोष निक्सन यांच्यावर ठेवला. व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग आणि सरसेनापती डफ हेही सुटले नाहीत. सैन्याचं नेतृत्व आणि व्हाइसरॉयच्या कौन्सिलातलं लष्करी खातं ही दोन्ही कामं एकाच माणसाकडे असल्याने कोणी कोणाला विचारणारं राहिलं नव्हतं, हेही आयोगाने नोंदवलं. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांच्या वाट्याला त्या मानाने कमी दोष आला होता, तरी राजीनामा दिला तो त्यांनी. लष्करी न्यायालयासमोर एकही सेनापती उभा राहिला नाही.

आयोगाचं म्हणणं बरोबर होतं, याचा पुरावा त्याच नदीवर मिळाला. ऑगस्ट १९१६ मध्ये जनरल स्टॅन्ली मॉड यांनी सूत्रं घेतली. डिसेंबरपर्यंत ते पुढे सरकले नाहीत. बसऱ्याचं बंदर सुधारलं गेलं, आगबोटींचा ताफा वाढला, लोहमार्ग टाकले गेले, इस्पितळं उभी राहिली. मग ते निघाले. फेब्रुवारी १९१७ मध्ये कूत परत घेतलं आणि ११ मार्चला बगदाद. तीच नदी, तोच शत्रू, मोठा हिस्सा त्याच हिंदी शिपायांचा. फौज वाढली होती हे खरं, पण आधी वाहतूक आणि मग लढाई, हा क्रमही बदलला होता.

हे सगळं जुन्या साम्राज्यातलं आणि लष्करातलं, असं वाटेल. म्हणून पोलिसांतलं एक उदाहरण पाहू. १५ एप्रिल १९८९ रोजी इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा फुटबॉलचा उपांत्य सामना होता. बंदोबस्ताचे प्रमुख डेव्हिड डकेनफील्ड यांना हे काम मिळून तीन आठवडेही झाले नव्हते. एवढ्या मोठ्या सामन्याचा बंदोबस्त त्यांनी आधी कधी सांभाळला नव्हता. ज्या अधिकाऱ्याला अनुभव होता त्याची नुकतीच बदली झाली होती.

दुपारी अडीचनंतर लिव्हरपूलच्या प्रेक्षकांची फाटकांबाहेर इतकी गर्दी झाली की माणसं चेंगरतील असं दिसू लागलं. बाहेरच्या अधिकाऱ्याने मोठं फाटक उघडायची परवानगी पुन्हापुन्हा मागितली. २ वाजून ५२ मिनिटांनी डकेनफील्ड यांनी ते उघडायला सांगितलं. त्या क्षणी हा निर्णय समजण्यासारखा होता. पण फाटकातून आत आलेला माणूस सरळ समोरच्या बोगद्यात शिरणार आणि तो बोगदा आधीच भरलेल्या मधल्या दोन कप्प्यांत उघडणार, हे लक्षात घेऊन बोगद्याच्या तोंडाशी चार पोलीस उभे करायला हवे होते. बाजूचे कप्पे मोकळे होते. तो हुकूम सुटलाच नाही. नियंत्रण कक्षातून मधले कप्पे समोर दिसत होते. माणसं उंच कुंपणाला चेपली जाऊ लागली तेव्हा ती दंगा करताहेत असाच तिथे समज झाला. सामना सहा मिनिटांनी थांबला. ९७ जणांचा जीव गेला, त्यातल्या शेवटच्या जखमीचा २०२१ मध्ये.

पुढचं वागणं कूतची आठवण करून देणारं होतं. डकेनफील्ड यांनी फुटबॉल संघटनेच्या अधिकाऱ्यांना सांगितलं की प्रेक्षकांनीच फाटक फोडलं. हे खोटं काही तासांत जगभर पोहोचलं. त्याच वर्षी दुर्घटनेची चौकशी करणारे न्यायमूर्ती टेलर यांनी मुख्य दोष पोलिसांच्या नियंत्रणाचा असल्याचं सांगितलं, तरी मेलेल्यांच्या माथी मारलेला कलंक पुसला गेला नाही. २०१२ मध्ये स्वतंत्र समितीने दाखवून दिलं की १६४ पोलिसांच्या जबान्यांमध्ये मोठे फेरफार झाले होते आणि त्यातल्या ११६ जबान्यांतून पोलिसांना अडचणीचा मजकूर काढला किंवा बदलला होता. म्हणजे साध्या शिपायांनी खरं लिहिलं होतं. ते वरच्यांनी खोडलं. २०१६ मध्ये मृत्यूंच्या कारणांच्या न्यायालयीन सुनावणीत ज्युरीने हे मृत्यू बेकायदेशीर हत्या असल्याचा निर्णय दिला. डकेनफील्ड यांनी आपण खोटं बोललो हे त्या सुनावणीत कबूल केलं. पुढे फौजदारी खटल्यात ते निर्दोष सुटले. मृतांच्या आईबापांना सत्य कागदावर यायला २७ वर्षं झगडावं लागलं.

आपल्या सैन्याच्या इतिहासातही हीच गोष्ट आहे. ऑक्टोबर १९६२ मध्ये ईशान्य सीमेवरच्या नामका चू नदीच्या काठावर सातव्या ब्रिगेडला चिन्यांना थागला धारेवरून हुसकावण्याचा हुकूम होता. जागा सखल, थंडीचे कपडे अपुरे, दारूगोळा तुटपुंजा. ब्रिगेडिअर जॉन दळवी यांनी हे वरिष्ठांना सांगितलं होतं आणि त्यांच्या डिव्हिजनच्या प्रमुखांनाही ते पटलं होतं. नव्याने कोअरची सूत्रं घेतलेले लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल आजारी पडून दिल्लीला परतले आणि घरून, अंथरुणावरून कोअर चालवू लागले. २० ऑक्टोबरच्या पहाटे चिनी हल्ला झाला आणि काही तासांत ब्रिगेड उद्ध्वस्त झाली. दळवी स्वतः कैद झाले. शिमल्याहून मेसोपोटेमिया चालवण्याची चूक ४७ वर्षांनी पुन्हा झाली, आणि तिचे बळी या वेळी स्वतंत्र भारताचे जवान होते. या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल सरकारने आजही अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही.

या तिन्ही ठिकाणी खालच्या माणसाला धोका आधी दिसला होता. कूतला तो डिव्हिजनच्या प्रमुखाला दिसला, हिल्सबरोला फाटकावरच्या पोलिसाला, नामका चूला ब्रिगेडिअरला. बुद्धी किंवा माहिती कमी नव्हती. सैन्य आणि पोलीस हुकमावर चालतात आणि चाललेच पाहिजेत, कारण गोळ्या सुटत असताना मतदान घेता येत नाही. पण हुकूम सुटण्याआधी शंका विचारण्याची जागा आणि हुकूम चुकतोय हे दिसताच तसं कळवण्याची सोय, ही शिस्तीचीच दोन अंगं आहेत. जो अधिकारी वाईट बातमी आणणाऱ्याला झापतो, तो स्वतःला आंधळा करून घेतो. त्याच्याभोवती होयबांची भिंत उभी राहते आणि तिच्याआड बसून तो इतरांच्या जिवावर निर्णय घेतो.

म्हणून बढती देताना पाहायला हवं की या माणसाच्या हाताखालचे लोक त्याला खरं सांगू शकतात का, आणि तो संकटाच्या जागी स्वतः उभा राहतो का. जबाबदारीची जागा मिळण्याआधी त्याने ते काम लहान प्रमाणात तरी केलेलं असावं. आणि पराभव किंवा दुर्घटना झाली की चौकशीचा अहवाल लोकांसमोर यायला हवा. जी चूक कपाटात बंद राहते, तिच्यापासून पुढच्या पिढीचा अधिकारी काहीच शिकत नाही. साम्राज्य चालवणाऱ्या सरकारने भर युद्धात स्वतःच्या सेनापतींवरचा अहवाल छापला होता. लोकशाहीकडून तेवढी अपेक्षा ठेवणं फार नाही. पुढच्या वेळी एखादा पूल, मिरवणूक, चौकी किंवा सीमा आपल्या माणसांचे बळी घेईल तेव्हा जबाबदार कोण, एवढंच विचारून थांबू नये. खाली हे कोणाला आधी कळलं होतं, त्याने ते कोणाला सांगितलं आणि ते नेमकं कोणाच्या टेबलावर अडलं, याचं उत्तर मिळेपर्यंत विचारत राहावं.